खाऱ्या पाण्यात टिकणारा घडीचा चाकू कसा निवडावा

मासेमारीच्या बोटीवर, खाडीतल्या होडीत किंवा बंदरावर जाळी दुरुस्त करताना वापरायला घेतलेला घडीचा चाकू वर्षभरात निकामी झाला, की बहुतेकांची तक्रार एकच असते: पात्यावर 'स्टेनलेस' असा ठसा होता, तरी तो गंजला. तक्रार खरी असते, पण असा चाकू उघडून पाहिला तर गंज बहुधा पात्यावर कमी आणि मुठीच्या आत, सांध्यात, जास्त सापडतो. मी घेतलेल्या पहिल्या चाकूचे पाते दुसऱ्या हंगामातही चकचकीत होते. मात्र मुठीतली स्प्रिंग साध्या पोलादाची होती, ती गंजून फुगली आणि पाते उघडेनासे झाले. पोलादाच्या नावावरून चाकू निवडण्याची सवय इतकी रुळली आहे, की मूठ, खटका (उघडे पाते अडवून धरणारा भाग), स्क्रू आणि मुठीच्या आतल्या धातूच्या पट्ट्या कशाच्या आहेत हे विचारायचे राहूनच जाते.

म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. आधी काम ठरवावे, मग धार, मग पोलाद, मग सांधा, आणि दुकानात पाऊल त्यानंतरच टाकावे. उदाहरणे प्रामुख्याने कोकण किनाऱ्यावरच्या बोटीवरील कामाची आहेत. भातलावणी किंवा नळजोडणी अशा गोड्या पाण्यातल्या कामासाठी हेच टप्पे लागू पडतात, फक्त पोलादाच्या बाबतीत थोडी सवलत घेता येते.

1. पूर्वतयारी: पाणी कोणते आणि काम कोणते, हे लिहून काढावे

कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. चाकूला लागणारे पाणी गोडे आहे, खाडीचे निमखारे आहे की समुद्राचे? दिवसात बहुतेक वेळा काय कापायचे आहे: नायलॉन आणि प्लॅस्टिकचे दोर, जाळ्याचे धागे, मासळी, की खोकी आणि गोणपाट? आणि दिवस संपल्यावर चाकू गोड्या पाण्याने धुण्याची सोय खरोखर आहे का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते. पाणी वाळते तसे हे मीठ धातूवर साठत आणि दाट होत जाते, आणि हवेतला दमटपणा त्या मिठाला पुन्हा ओले करतो. त्यामुळे बोटीवरून आल्यानंतर न धुता ओल्या खिशात राहिलेला चाकू रात्रभरात जितका खराब होतो, तितका तो दिवसभराच्या कामातही होत नाही. रोज संध्याकाळी घरी येणारा खलाशी आणि आठ-दहा दिवस समुद्रावर राहणारा खलाशी यांनी एकच चाकू घेण्याचे कारण नाही, कारण पिण्यापुरते गोडे पाणी बाळगणाऱ्या बोटीवर चाकू धुण्यासाठी पाणी मिळेलच असे नाही.

घडीचाच चाकू हवा आहे का, हेही इथेच तपासावे. पाण्यात पडल्यावर अंगाभोवती गुंतलेले जाळे कापणे, अशा जिवावरच्या प्रसंगासाठी म्यानातला अखंड चाकू अधिक भरवशाचा असतो, कारण त्याला उघडावे लागत नाही आणि त्यात सांधाही नसतो. घडीचा चाकू हा दिवसभर खिशात राहणारा, कामाचा चाकू आहे.

> तपासणी: तिन्ही उत्तरे कागदावर नसतील तर पुढे जाऊ नये. 'सगळ्या कामांना एकच चाकू' हे उत्तर असेल, तर दिवसातून सर्वाधिक वेळा होणारे काम कोणते, तेवढेच धरावे.

2. पात्याचा आकार आणि धार ठरवावी

बोटीवर दोर कापण्यासाठी टोक लागत नाही. हलणाऱ्या फळीवर उभे असताना टोकाचा उपद्रवच अधिक होतो. ज्याचा कणा (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) पुढे वळून धारेला मिळतो आणि धार सरळ राहते, असे बोथट टोकाचे पाते दोरासाठी घ्यावे. मासळी साफ करण्याचे काम त्याच चाकूने करायचे असेल तरच टोकदार पाते घ्यावे. लांबी 7 ते 9 सेंटिमीटर आणि जाडी सुमारे 3 मिलिमीटर या कामाला पुरते.

धारेबाबत सर्वाधिक चूक होते. नायलॉन आणि प्लॅस्टिकचे ओले दोर साध्या, गुळगुळीत धारेवरून निसटतात आणि धार थोडी मंदावली की मुळीच कापले जात नाहीत. दातेरी धार मात्र बोथट होत आली तरी दोराला धरून ठेवते आणि कापते. उलट जाळ्याचे बारीक धागे आणि मासळी यांना साधी धार हवी, कारण दात्यांमध्ये धागे अडकतात आणि मांस फाटते. बोटीवर मासळीसाठी वेगळी सुरी असेल, तर घडीचा चाकू निःशंकपणे पूर्ण दातेरी घ्यावा. अर्धी साधी आणि अर्धी दातेरी धार सोयीची वाटते, पण एवढ्या लहान पात्यावर दोन्ही भाग अपुरे पडतात, असे माझे मत आहे.

दातेरी पात्याला सपाट दगडावर धार लावता येत नाही. त्यासाठी निमुळती गोल कांडी लागते आणि प्रत्येक दाता वेगळा घासावा लागतो. ही कांडी चाकूसोबतच घ्यावी, नाहीतर पहिल्या हंगामानंतर कोणीतरी कानस लावून दाते सपाट करून टाकतो.

> सावधान: ताणाखाली असलेला दोर कापताना त्याच्या रेषेत कधीही उभे राहू नये. तुटलेले टोक उसळून येते आणि चाकू कितीही चांगला असला तरी त्या दुखापतीपासून वाचवू शकत नाही.

3. पोलाद निवडावे, पण ठशावर विसंबून नव्हे

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की ते स्टेनलेस म्हणवले जाते. हे क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ, अदृश्य थर तयार करते आणि तो थर आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. मिठातला क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदतो, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे, पण खोल जाणारे खड्डे पडतात.

दुसरी बाजू कार्बनची आहे. पात्याला धार टिकावी म्हणून कार्बन लागतो, पण हाच कार्बन क्रोमियमला बांधून घेतो, आणि बांधलेले क्रोमियम संरक्षणाच्या थरासाठी उपलब्ध राहत नाही. म्हणूनच नुसता क्रोमियमचा आकडा वाचून निर्णय करू नये. शेजारचा कार्बनचा आकडाही वाचावा. डी 2 नावाच्या पोलादात सुमारे 12 टक्के क्रोमियम असूनही दीड टक्का कार्बनमुळे त्यातले बरेचसे क्रोमियम अडकून पडते, आणि असे पाते समुद्रावर थोड्याच दिवसांत डागाळते. हे पोलाद उत्तम धार टिकवते म्हणून त्याची शिफारस वारंवार होते. कोरड्या कामासाठी ती योग्यही आहे, पण बोटीसाठी नाही.

बाजारात दिसणारी पोलादे या कामापुरती अशी लावता येतील.

- घेऊ नयेत: विळी-कोयत्याचे साधे कार्बन पोलाद, डी 2, आणि ज्यावर 'स्टेनलेस' एवढाच शब्द असून प्रकाराचे नाव नाही असे कोणतेही पाते.
- रोज धुता येत असेल तरच घ्यावीत: 8 सीआर 13 एमओव्ही, एयूएस 8, 440 सी, व्हीजी 10. गोड्या पाण्यातल्या कामाला ही पुरेशी आहेत.
- खाडी आणि रोजच्या ये-जा करणाऱ्या बोटींसाठी चांगली: 12 सी 27, 14 सी 28 एन आणि 1.4116. यांत कार्बन अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आत असतो आणि क्रोमियम साडेतेरा ते पंधरा टक्के.
- दिवसेंदिवस समुद्रावर राहणाऱ्यांसाठी: एच 1, एलसी 200 एन, व्हॅनॅक्स आणि मॅग्नाकट.

शेवटच्या गटाचे रहस्य मुख्यतः नायट्रोजनमध्ये आहे. पोलाद कठीण करण्याचे कार्बनचे काम काही प्रमाणात नायट्रोजन करतो आणि क्रोमियमला तितकेसे अडकवत नाही. एलसी 200 एनमध्ये कार्बन सुमारे 0.3 टक्के आणि नायट्रोजन सुमारे 0.4 टक्के असतो. एच 1मध्ये कार्बन जेमतेम 0.15 टक्का असून निकेल सहा ते आठ टक्के असते. त्याची साधी धार लवकर मंदावते, म्हणून ते दातेरी घेणेच शहाणपणाचे आहे. मॅग्नाकट हे 2021 साली बाजारात आलेले पोलाद धार टिकवण्यात या सर्वांत पुढचे आहे. त्यात क्रोमियम पावणेअकरा टक्क्यांच्या आसपासच असले तरी ते जवळजवळ सगळे मोकळे राहते. स्पायडरको या अमेरिकी चाकू कंपनीच्या 'सॉल्ट' मालिकेत यांपैकी बरीच पोलादे मिळतात. हे चाकू महाग असतात, आणि रोज घरी परतणाऱ्याने तो खर्च करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

दोन गैरसमज इथेच दूर करावेत. पहिला चुंबकाचा. भांड्याच्या दुकानात चुंबक चिकटला नाही तर स्टील चांगले, असे मानतात. ती भांडी कठीण न होणाऱ्या प्रकारच्या स्टीलची असतात. चाकूसाठी पोलाद बहुधा तापवून कठीण करावे लागते, आणि असे कठीण झालेले स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतेच. त्यामुळे ही परीक्षा चाकूला लावू नये. दुसरा गैरसमज काळ्या लेपाचा. लेप पात्याच्या बाजू झाकतो, पण धार प्रत्येक वेळी घासताना उघडी पडते. हलक्या पोलादावरचा काळा लेप म्हणजे गंज उशिरा दिसण्याची सोय, एवढेच समजावे.

> तपासणी: विक्रेत्याकडून पोलादाच्या प्रकाराचे नाव लेखी किंवा खोक्यावर छापलेले मिळाले का? नाव सांगता येत नसेल तर तो चाकू पहिल्या गटातला समजावा.

4. सांधा तपासावा: इथेच बहुतेक चाकू संपतात

पाते मोकळ्या हवेत असते, धुतले जाते, पुसले जाते. सांध्याच्या फटीत मात्र खारे पाणी शिरते आणि तिथे हवा खेळत नाही. संरक्षक थर पुन्हा तयार व्हायला प्राणवायू लागतो. तो न मिळाल्याने फटीतले पोलाद उघड्या पोलादापेक्षा लवकर खराब होते. म्हणून चाकूत फटी किती आहेत आणि त्या धुता येतात का, हे पोलादाइतकेच बारकाईने पाहावे.

प्रथम मुठीची पाठ पाहावी. मूठ पाठीमागून उघडी असेल, म्हणजे घडी घातलेल्या स्थितीत पलीकडचा प्रकाश दिसत असेल, तर नळाखाली धरल्यावर पाणी आरपार जाते आणि माशाचे खवले व वाळू निघून जाते. पाठ बंद असलेल्या चाकूत हीच घाण तळाशी बसून राहते.

मग जोडणी पाहावी. स्क्रूने जोडलेला चाकू हंगामातून दोनदा पूर्ण सोडून साफ करता येतो. रिबीट मारलेला चाकू सोडता येत नाही. रिबीटच्या चाकूची पाठ उघडी असेल तर तो चालू शकतो, पण पाठ बंद आणि वर रिबीट अशी जोडी समुद्रासाठी घेऊच नये.

त्यानंतर खटका. मुठीतली पट्टी बाजूला सरकून पात्याला अडवते तो पट्टीचा खटका साधा असतो, दिसतो आणि धुता येतो. मात्र ती पट्टी कोणत्या धातूची आहे हे विचारावे. मुठीच्या पाठीवर दाबून सोडायचा खटका मजबूत असतो, पण त्याच्या खाचेत वाळू किंवा मीठ साचले तर तो पूर्ण बसत नाही, आणि बसला असे वाटत असतानाच पाते मिटू शकते. त्याची खाच रोज पाहावी लागेल, हे धरूनच तो घ्यावा. खटका नसलेला, केवळ स्प्रिंगच्या जोरावर उघडा राहणारा चाकू ओल्या हातांच्या कामासाठी घेऊ नये.

सर्वांत शेवटी धातूंची संगत पाहावी. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला दुबळा धातू झिजतो. पितळी पट्ट्या आणि स्टेनलेस पाते अशा चाकूत पितळेवर हिरवा थर चढतो आणि पाते जड फिरू लागते. कार्बन फायबरची मूठ हलकी आणि देखणी असते, पण तिला चिकटलेल्या पोलादी स्क्रूंना ती खाऱ्या पाण्यात घातक ठरते.

> सावधान: 'स्टेनलेस पाते' याचा अर्थ 'स्टेनलेस चाकू' असा होत नाही. पट्ट्या, स्प्रिंग, स्क्रू, वॉशर आणि खिशाला अडकवायची क्लिप या पाचही भागांबद्दल वेगवेगळे विचारावे.

5. मूठ आणि दोरी

लाकूड, शिंग आणि हाड या मुठी पाणी पिऊन फुगतात व वाळून तडकतात. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूचे पाते स्टेनलेस घेतले, तरी लाकडी मूठ भिजून फुगली की पाते मुठीतून बाहेर काढणे कठीण होते, हा त्या चाकूचा परिचित दोष आहे. काचतंतू मिसळलेले नायलॉन किंवा जी 10 (राळेत दाबलेले काचकापड) या मुठींना पाण्याने काही होत नाही. त्यांवर ठळक खरबरीतपणा असावा. रंग पिवळा किंवा नारिंगी घ्यावा, कारण निळ्या-हिरव्या जाळ्यांच्या ढिगात काळी किंवा हिरवी मूठ दिसत नाही.

दोरीसाठी मुठीला भोक असलेच पाहिजे. दोरी कमरेच्या पट्ट्याला बांधावी, मनगटाला नव्हे. जाळे ओढणारे विंच यंत्र फिरत असताना मनगटातली दोरी त्यात अडकली तर हात ओढला जातो.

6. दुकानात करायच्या चाचण्या

1. हात साबणाच्या पाण्याने ओले करून चाकू एका हाताने उघडावा आणि मिटावा. पात्यावर नखाने ओढायची बारीक खाच असेल तर ओल्या हाताला ती सापडत नाही. मोठे भोक किंवा बोंड असलेले पातेच चालते. तुम्ही हातमोजे वापरत असाल तर तेही घालून पाहावे.
2. पाते उघडून बाजूला हलवावे. हलके टकटक जाणवले तर सांधा ढिला आहे.
3. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याचा कणा लाकडी फळीवर हळूहळू दाबावा. खटका सरकला तर चाकू परत द्यावा. कणा आपटून पाहू नये. त्याने चांगला खटकाही बिघडतो.
4. घडी घातल्यावर धार मुठीच्या आत पूर्ण लपते का, ते पाहावे.
5. स्क्रूला लागणारी चावी सोबत मिळते का, हे विचारावे.

बटण दाबताच स्प्रिंगने उघडणारा चाकू टाळावा. त्याची आतली स्प्रिंग मिठाने लवकर जाते आणि पोलिसांच्या तपासणीत तो अकारण शंका निर्माण करतो. शस्त्रनियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती, शेती आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून, शस्त्रांत मोडतात. आपला चाकू त्याहून बराच लहान असतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधील कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश लागू असताना तो शहरात खिशात घेऊन फिरू नये.

7. घरी करायची मिठाच्या पाण्याची चाचणी

ही चाचणी दुकानदाराला आधी सांगून आणि डाग पडल्यास चाकू परत घेण्याचे कबूल करून घेऊनच करावी. एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम साधे मीठ विरघळवावे. चाकूवरचे कारखान्यातले तेल साबणाने पूर्णपणे काढावे, कारण तेल राहिले तर चाचणीला अर्थ उरत नाही. मग चाकू पाण्यात बुडवावा, काढून न पुसता अर्धवट उघडा ठेवावा, वाळला की पुन्हा बुडवावा, असे दोन दिवस करावे. सतत बुडवून ठेवण्यापेक्षा हे ओले-कोरडे चक्र समुद्रावरच्या वापराशी अधिक जुळते.

दोन दिवसांनी गोड्या पाण्याने धुऊन भाग एकेक करून पाहावेत. पात्यावर पुसून जाणारा फिकट तांबूस डाग दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील पोलादावर क्षम्य आहे. स्क्रूच्या डोक्यावर, क्लिपच्या खाली किंवा सांध्यातून ओघळलेला तांबूस डाग दिसला, तर आतला भाग साध्या पोलादाचा आहे आणि असा चाकू ठेवू नये.

8. पहिल्या दिवसापासूनची निगा

काम संपताच चाकू उघडून गोड्या पाण्याखाली धरावा, सांध्यात पाणी सोडत पाते तीन-चार वेळा उघडावे व मिटावे, पुसावा आणि उघड्या स्थितीत सावलीत वाळवावा. बोटीवर गोडे पाणी मोजकेच असेल, तर बर्फाच्या पेटीतल्या स्वच्छ बर्फाचा एक तुकडा वितळवून तेवढे पाणी सांध्यासाठी वापरावे. माशांखालून निथळलेले पाणी वापरू नये. नारळाच्या काथ्याने घासावे. लोखंडी तारेच्या घासणीचे कण पात्यात रुतून बसतात आणि मग तेच कण गंजतात. बंदरावरच्या टाक्या धुण्यासाठी केलेल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात चाकू टाकण्याची सवयही मोडावी, कारण त्यातले क्लोरीन स्टेनलेसचा थर समुद्रापेक्षाही लवकर खाते.

तेल म्हणून खोबरेल वापरू नये; ते कालांतराने चिकट होते आणि थंडीत गोठते. मासळीला लागणाऱ्या चाकूसाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब सांध्यात पुरतो.

1 जूनला मासेमारीबंदी सुरू होऊन बोटी वर ओढल्या की चाकू पूर्ण सोडावा, प्रत्येक भाग धुऊन वाळवावा, तेलाचा हात द्यावा आणि उघड्या स्थितीत ठेवावा. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे दमट हवा धरून ठेवते. स्क्रू बसवताना स्क्रू घट्ट धरणारा निळ्या रंगाचा द्रव लावावा. तो नंतर साध्या चावीने सुटतो, लाल रंगाचा मात्र तापवल्याशिवाय सुटत नाही.

सोडलेल्या चाकूची धार याच वेळी भिंगाखाली पाहावी. खड्डे पात्याच्या बाजूंवर असतील तर घासून निघतात. ते धारेपर्यंत पोचले असतील, तर त्या जागी धार पुन्हा पुन्हा तुटत राहते, आणि पाते बदलून मिळत नसेल तर चाकू बदलावा. खटक्याची पट्टी पात्याच्या टाचेवरून (मुठीकडच्या टोकावरून) सरकून पार दुसऱ्या बाजूच्या पट्टीला टेकू लागली असेल, तर पाते कितीही चांगले असले तरी तो चाकू त्याच दिवशी कामातून काढावा.